तुम्ही विचारलंत म्हणून: बेडकाचं औषध मेडिकलात कधी येणार?

सांगलीत माझी ओळख ‘बेडकाचं औषध करणारी’ अशी झालीय. चूक माझीच. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी “तू पुण्यात नक्की करतेस काय गं?” असं विचारलं आणि मी बेडकाची गोष्ट सांगून बसले. तेव्हापासून सुट्टीला घरी आले की एकच प्रश्न: “मग ते मेडिकलात कधी मिळणार?”

गोष्ट खरी आहे. अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ हे संशोधक बेडकांवर छोटी शस्त्रक्रिया करायचे, टाके घालून त्यांना परत घाण पाण्याच्या टाकीत सोडायचे, आणि जखमा न चिघळता भरून यायच्या. १९८७ साली त्यांनी बेडकाच्या कातडीतून २३ अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्यांची) माळ शोधून काढली. नाव ठेवलं मॅगेनिन, हिब्रूतल्या ‘ढाल’ या शब्दावरून. २०१९ च्या पुराचं पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत घरोघरी पायाला चिखल्या झाल्या होत्या आणि अंगणात बेडूक मजेत ओरडत होते. तेव्हा मला झॅसलॉफच आठवले.

अशा माळेला पेप्टाइड म्हणतात. जिवाणू मारणारी अशी पेप्टाइडं करणं, हेच माझं पुण्यातलं काम. जिवाणूच्या आवरणावर बाहेरून ऋण भार असतो, पेप्टाइडवर धन. ते जाऊन चिकटतं. मग पिळदार होतं, एक बाजू पाण्याकडे, दुसरी तेलाकडे, आणि तेलाकडची बाजू आवरणात घुसून त्याला भोकं पाडते. नेहमीची बरीच अँटिबायोटिकं जिवाणूतलं एखादं एन्झाइम, म्हणजे त्याचं काम चालवणारं प्रथिन, धरतात. ते एन्झाइम जरा बदललं की औषध वाया. अख्खं आवरण बदलणं त्या मानानं अवघड. अशक्य मात्र नाही. कोलिस्टिन हे अँटिबायोटिकसुद्धा पेप्टाइडच, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं. त्याला दाद न देण्याचा जीन एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे २०१५ साली चीनमधून कळलं. कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन द्यायला आपल्याकडे २०१९ साली बंदी आली.

मग अडतं कुठे? जिवाणू मारणारं पेप्टाइड करणं फार कठीण नाही. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन जिवाणू मारतंच, पण आपल्या पेशीही फोडतं. जिवाणू मरावेत आणि आपल्या पेशी वाचाव्यात, माझं निम्मं आयुष्य या एका गोष्टीत गेलंय. वीस प्रकारची अमिनो आम्लं, वीस मण्यांची माळ: जोडण्या होतात एकावर सव्वीस शून्यं इतक्या. त्यातल्या काही कॉम्प्युटर सुचवतो. यंत्र एकेक मणी ओवून माळ करून देतं. ती तांबड्या रक्तपेशींबरोबर तासभर ३७ अंशांवर ठेवायची आणि नळी जोरात फिरवायची. पेशी तळाशी आणि वरचं पाणी नितळ, तर जीव भांड्यात. पेशी फुटून पाणी गुलाबी दिसलं की ती माळ बाद. जिवाणूला आणखी जोरात धरावं म्हणून तेलाकडचा एखादा मणी वाढवावा, तर हमखास गुलाबी. माझ्या वहीत ‘गुलाबी’ हा शब्द इतक्यांदा आहे की भाचीला ती रंगकामाची वही वाटली.

नितळ निघालं तरी शरीरातली एन्झाइमं माळ कापायला बसलेलीच. त्यातलं ट्रिप्सिन नेमकं लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, आणि धन भार देणारे मणी तेच दोन! त्यावर उपाय म्हणून आम्ही आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी अमिनो आम्लं घालतो. ट्रिप्सिनला ती ओळखता येत नाहीत, पण खर्च वाढतो. (हळदीचं काय, हेही सांगलीत विचारलं जातंच. हळदीतलं कर्क्युमिन हे पेप्टाइड नव्हे, एवढंच सांगून मी निसटते.)

काकूंनी गेल्या दिवाळीला विचारलं तेव्हा त्यांच्या हातात मिरजेहून आणलेला रिपोर्ट होता. काकांना जुना डायबेटिस, पायाची जखम महिनाभर बरी होत नव्हती. जखमेतल्या जिवाणूवर कोणतं औषध चालेल याच्या यादीत ओळीनं ‘आर’, म्हणजे उपयोग नाही. ‘एस’, म्हणजे चालेल, फक्त कोलिस्टिनपुढे, आणि ते किडनीला त्रास देतं. काकांची किडनी आधीच थकलेली. शेवटी अंगठा काढावा लागला.

अशाच जखमांसाठी मॅगेनिनवरून बेतलेलं पेक्सिगनान नावाचं मलम अमेरिकेत तयार झालं होतं. चाचण्यांमध्ये ते ऑफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांइतकं चाललं. १९९९ साली तिथल्या औषध प्रशासनानं परवानगी नाकारली. पुढे नव्यानं चाचण्या झाल्या, त्यात औषध न घातलेल्या साध्या मलमापेक्षा ते सरस ठरलं नाही. हे काकूंना कसं सांगायचं, मला सुचेना. मी म्हटलं, “काकू, आज हातात असलेलं पेप्टाइड सगळ्या परीक्षा पास झालं, तरी प्राण्यांवर, मग माणसांवर, दहा वर्षं सहज जातील.”

काकूंनी रिपोर्टची घडी घातली. म्हणाल्या, “म्हणजे ह्यांच्यासाठी नाही.”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी चकलीची ताटली पुढे सरकवली.