तुम्ही विचारलंत म्हणून: नारुतो असताना ब्लॅक क्लोव्हर कशाला?

"ताई, नारुतो असताना ते ब्लॅक क्लोव्हर कशाला बघता?" दोन्ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका. क्लासमधली मुलं विचारतात, भाचा विचारतो, ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. मी "हो रे, झेरॉक्सच आहे" म्हणावं, एवढंच हवं असतं. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

साम्य आहे. अनाथ, तोंडाळ पोरगा. गाव हसतं, आणि ह्याला बसायचंय सगळ्यात वरच्या खुर्चीवर. नारुतोला होकागे, म्हणजे गावाचा प्रमुख, व्हायचंय, आस्ताला विझर्ड किंग, म्हणजे राज्यातल्या जादूगारांचा म्होरक्या. शेजारी शांत, देखणा, हुशार दोस्त, तिथे सासुके, इथे यूनो. स्टुडिओही तोच, पिएरो. शिपूदेन, म्हणजे नारुतोची पुढची मालिका, मार्च २०१७ मध्ये संपली आणि ऑक्टोबरात ब्लॅक क्लोव्हर सुरू झाली, मग लोक दुसरं काय म्हणणार? सुरुवातीचे भाग बघून मीही झेरॉक्सच म्हटलं होतं. तेव्हाच्या मला आजही पुरतं खोडून काढता येत नाही. आस्ताचं ओरडणं तेव्हा डोक्यात जायचं, आजही जातं.

पण साम्य मोजून झालं की लोक उठून जातात. नारुतो गाव सोडून गेलेल्या सासुकेच्या मागे शेकडो भाग धावला. यूनो कुठे पळूनच जात नाही. आस्ता आणि तो एकाच दिवशी चर्चच्या दारात सापडलेली पोरं. यूनोला चार पानी क्लोव्हरचं ग्रिमोआर, म्हणजे जादूची पोथी, मिळतं, आस्ताच्या हातात काहीच येत नाही. नंतर रेव्ची नावाचा चोर यूनोला साखळ्यांनी जखडतो आणि आस्ताला सुनावतो, तुझ्यात जादूचा थेंबही नाही. आस्ता खचतो. तेव्हा जखडलेला यूनो म्हणतो, हा हरलेला नाही, हा माझा प्रतिस्पर्धी आहे. मालिकेच्या १७० भागांत या स्पर्धेत विष कालवलं जात नाही. हे तुम्हाला मिळमिळीत वाटत असेल, मला धाडसाचं वाटतं.

खरी चिडते मी चित्रांवरून. लोक ब्लॅक क्लोव्हरमधली, फटक्याच्या ऐन मध्यात थांबवलेली एखादी फ्रेम पाठवतात आणि खाली हसरे चेहरे.

मी टूडी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, बरीच वर्षं इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं, करत आले. एका बालमालिकेत मला विटी-दांडूचा शॉट मिळाला होता. पोरगा वाकतो, दांडूच्या टोकाने विटी उडवतो आणि वरच्या वर टोला हाणतो. तो क्षण इतका छोटा की तिथे दांडू नीटनेटका काढला तर हालचाल अडखळते. म्हणून मधल्या दोन फ्रेममध्ये मी दांडू पार आडवा पसरवला, मनगट जवळजवळ पुसलं, बोटं ओढून लांब केली. आमच्यात याला स्मिअर म्हणतात. चालवलं की टोला खणकन बसायचा. आमचे सीनियर कमी बोलणारे, पण तेही म्हणाले, "मस्त लागलाय गं."

रिव्ह्यूला क्लायंटकडचे साहेब आले. शॉट सुरू झाला आणि त्यांनी स्पेसबार दाबला, नेमका त्या फ्रेमवर. भिंतभर स्क्रीनवर माझा तो वेडावाकडा हात. "हा हात आहे की भेंडीची जुडी?" सगळे हसले. माझ्या शेजारच्या खुर्च्यांवरचेही हसले, ते जास्त लागलं. सीनियर म्हणाले, "सर, चालवून बघा ना एकदा." साहेबांनी चालवलं नाही. मोबाइल काढून एका मोठ्या परदेशी चित्रपटाची क्लिप लावली. "असं का नाही करता येत तुम्हाला?" आम्ही पाच जण होतो आणि आठवड्याला एक भाग द्यायचा होता. मी काही बोलले नाही. संध्याकाळी बसून दोन्ही फ्रेम स्वच्छ केल्या. पाचच्या पाच बोटं, दांडू सरळसोट. शॉट मेला. विटी उडते, दांडू इथून एकदम तिथे दिसतो, टोला कुठे बसतच नाही. टीव्हीवर तोच गेला. आईचा फोन आला, "तुझा विटी-दांडू बघितला, छान होता." मी हो म्हटलं.

भाचा म्हणतो, "मावशी, तुझा राग त्या साहेबांवर आहे, मालिकेचं निमित्त." असेल. तरी हिशोब ऐकून घ्या. ऑक्टोबर २०१७ ते मार्च २०२१, दर आठवड्याला एक भाग, २०२० मधला महामारीचा खंड सोडला तर. तुम्ही जिच्याशी ताडून बघता ती डीमन स्लेयर मालिका २०१९ मध्ये २६ भाग करून थांबली. थांबायची सोय नसते तेव्हा तगडे अ‍ॅनिमेटर मोजक्या भागांसाठी राखून ठेवायचे आणि बाकीचे भाग निभवून न्यायचे, दुसरा इलाज नसतो.

ते राखलेलं बळ कुठे लावलंय, ते तरी बघा. आस्ताकडे स्वतःची जादू नाही, आहे ते मेहनतीने कमावलेलं शरीर आणि जादू तोडणाऱ्या तलवारी. वेट्टो नावाच्या शत्रूशी लढताना त्याचे दोन्ही हात जातात आणि वैद्य सांगतो, शाप लागलाय, हे बरे होणार नाहीत. मग चेटकिणींच्या जंगलात ते हात परत मिळतात आणि लाद्रोस नावाच्या शत्रूसमोर तो काळ्या रूपात उभा राहतो. तिथे रेषा खडबडीत होतात, शरीराचा आकार सुटतो. ही झुंज थांबवून बघाल तर भेंडीची जुडीच दिसेल.

आणि नारुतोवाल्यांनो, शिपूदेनचा १६७ वा भाग विसरलात? २०१० चा, पेन या खलनायकाबरोबरच्या लढाईचा. त्यातल्या ताणलेल्या रबरी चेहऱ्यांवर लोक अजून हसतात, आणि तेव्हा तुम्हीच सांगत सुटता की चालवून बघा, काय भन्नाट आहे. बरोबरच सांगता.

आता पुढचा प्रश्न मला माहीत आहे, मग यातली भारी कुठली? नारुतो. पुलावर झाबुझा आणि हाकू या नारुतोच्या शत्रूंचं जे होतं, त्याच्या तोडीचं काही ब्लॅक क्लोव्हरच्या सुरुवातीच्या भागांत नाही. मी कधी नाही म्हटलं? दुसऱ्यांदा बघायला घेतली ती मात्र ब्लॅक क्लोव्हर, आणि ते का, हे विचाराल तर इतकं सगळं सांगूनही मला धड सांगता यायचं नाही.