बऱ्या दिवसांत करून ठेवायची कामं

डिप्रेशन एकदा येऊन गेलं की साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा गाठतं. दोनदा आलं असेल तर पुन्हा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास आणि तीनदा आलं असेल तर ९०, असे आकडे मानसोपचारात वर्षानुवर्षं सांगितले जातात. हे आकडे मुख्यतः तज्ज्ञांकडे पोचलेल्या रुग्णांवरून काढलेले आहेत, त्यामुळे थोडे चढे असतील. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर 'आता कायमचं संपलं' असं धरून चालणं महागात पडतं. पुढची खेप लवकर ओळखायची आणि लहान ठेवायची, यावर लक्ष द्यायला हवं. यातली मुख्य अडचण अशी की ज्या डोक्याने निर्णय घ्यायचे तेच डोकं या आजारात आधी बिघडतं. डॉक्टरकडे जायची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच 'काय उपयोग' असं वाटत असतं. म्हणून शक्य तेवढे निर्णय आधीच, तब्येत बरी असताना घेऊन कागदावर उतरवून ठेवायचे.

पहिला कागद खुणांचा. उदास वाटणं ही बहुतेकांची पहिली खूण नसते. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. आंघोळ दुपारवर जाते. फोन वाजत राहतो पण उचलवत नाही, विजेचं बिल तसंच पडून राहतं, पेपरातलं एकच वाक्य तीनदा वाचावं लागतं, मुलांवर उगाच खेकसलं जातं. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या, पण एकाच माणसात त्या दर खेपेला बऱ्याचशा त्याच क्रमाने येतात. मागच्या दोन खेपा आठवून पाच-सहा खुणा लिहा, आणि त्या मोजता येतील अशा लिहा. 'मन लागत नाही' याने काही ठरवता येत नाही. 'आठवड्यात चार दिवस पहाटे चारच्या आत जाग' याने ठरवता येतं. घरातल्या एकाला आणि घराबाहेरच्या एकाला विचारा, कारण त्यांना हे आपल्याआधी दिसलेलं असतं. मग नियम लिहून टाका: यातल्या तीन खुणा आठवडाभर टिकल्या की डॉक्टरची वेळ घ्यायची, आणि फोन कोण करणार त्याचं नाव. निदानासाठी दोन आठवड्यांची लक्षणं धरतात, पण फोन करायला ते दोन आठवडे पुरे व्हायची वाट पाहू नये.

सोबत पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला भरावी. गुण ० ते २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की लक्ष द्यायचं. पण स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा पाच गुणांची वाढ ही जास्त कामाची खूण आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. ही प्रश्नावली रोज भरत बसू नये. रोज नाडी बघणारा माणूस घाबरूनच आजारी पडतो.

प्रत्येक वाईट आठवडा म्हणजे आजार परतला असंही नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी माणसांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही, आणि त्याचा थकवा डिप्रेशनसारखाच दिसतो.

आता गोळ्या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि तो बरं वाटायला लागल्यावर होतो. पहिल्याच खेपेनंतरसुद्धा पूर्ण बरं वाटू लागल्यापासून किमान सहा ते नऊ महिने औषध त्याच डोसवर चालू ठेवतात. वारंवार येणाऱ्या आजारात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, काहींना कायम. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि बंद करावंसं वाटण्याइतकी तब्येत सुधारलेल्या लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात औषध हळूहळू थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार परतला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. गोळी चालू असूनही आजार येऊ शकतो, आणि बंद केलेल्या सगळ्यांचा परतत नाही. पण खेपा तीन-चार झाल्या असतील, किंवा एखादी जिवावर बेतलेली असेल, तर चालू ठेवण्याकडेच पारडं झुकतं.

बंद करायचंच ठरलं तर शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड असतो, हे फार थोडे जण सांगतात. एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणताना फारसं काही जाणवत नाही, आणि ५ वरून शून्यावर येताना माणूस आडवा होतो. कारण हे औषध मेंदूत ज्या जागांवर बसतं त्यातल्या बऱ्याचशा जागा लहान डोसनेच भरतात. वरचा डोस थोडीच भर घालतो. त्यामुळे खाली येताना पायऱ्या लहान करत जायच्या आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबायचं. त्या कशा पाडायच्या ते डॉक्टरच ठरवतील. 'एक दिवसाआड घ्या' ही पद्धत सोयीची वाटते, पण पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं शरीरातून लवकर जातात, त्यामुळे दर दुसऱ्या दिवशी खड्डा पडतो. फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळतं, त्याची गोष्ट वेगळी.

गोळी सोडल्याचा त्रास आणि परतलेला आजार यांत फरक करता यायला हवा. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, मळमळ, विचित्र स्वप्नं हे डोस कमी केल्यापासून काही दिवसांतच सुरू होतं आणि आधीचा डोस पुन्हा घेतला की सहसा दोन-तीन दिवसांत निवळतं. आजार मात्र आठवड्या-आठवड्यांनी चढत जातो. घरात लग्न, बदली किंवा परीक्षा असेल तेव्हा हा प्रयोग नको.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (चिंता शमवणारं, झोप आणणारं औषध) एकाच गोळीत मिळतात आणि सर्रास लिहून दिले जातात. स्ट्रिपची मागची बाजू वाचा. ही गोळी अचानक सोडली तर एकाच वेळी दोन औषधं सुटतात, आणि क्लोनाझेपाम एकदम थांबवल्यास फिटसुद्धा येऊ शकते. 'सवय लागेल' ही भीती क्लोनाझेपामच्या बाबतीत रास्त आहे. तिचं खापर डिप्रेशनच्या औषधावर फोडलं जातं आणि लोक नको ते औषध आधी सोडतात.

बाकी बारीकसारीक: घरी पंधरा दिवसांचा साठा असावा. मेडिकलवाल्याने ब्रँड बदलून दिला तर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी या औषधांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वयस्कर माणसाला नवं औषध सुरू झाल्यावर गोंधळल्यासारखं किंवा तोल गेल्यासारखं झालं तर रक्तातलं सोडियम तपासा. लिथियम (मनःस्थितीचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर निर्जळी उपास नकोत. शरीरातलं पाणी कमी झालं की त्याची पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. आणि दोन औषधं नीट घेऊनही लागू पडली नसतील तर तिसऱ्याआधी डॉक्टरना हे जरूर सांगा की कधी चार-पाच दिवस झोप कमी आणि उत्साह भलताच जास्त, असं झालं होतं का. उत्तर हो असेल तर आजार बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह अशा दोन्ही टोकांचा, असू शकतो आणि उपचारच बदलतात.

गोळीशिवायच्या उपायांत गोव्यातलं काम मला फार मोलाचं वाटतं. 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गाभा साधा आहे: मन तयार व्हायची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायची, आणि नंतर कसं वाटलं ते नोंदवायचं. खेप चालू असतानाचा आपला 'कमी तब्येतीचा दिनक्रम' यावरूनच बेतावा. उठायची वेळ कायम, दहा मिनिटं दाराबाहेर, एक धड जेवण, एका माणसाशी बोलणं. आंघोळ झेपत नसेल तर तोंड-हातपाय धुणं. याला खालची मर्यादा असते तशी वरचीही हवी. पहिला बरा दिवस उगवला की महिन्याभराची तुंबलेली कामं उपसायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हे हमखास होतं.

ध्यानावर आधारलेला एमबीसीटी हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम पुन्हा येणाऱ्या डिप्रेशनसाठीच बांधलेला आहे, पण तो बऱ्या काळात करायचा. ऐन आजारात डोळे मिटून बसलं की तेच ते विचार जास्त घोळू शकतात. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचं असेल तर अर्जात आजार लपवू नका, आणि औषध बंद करून तर अजिबात जाऊ नका.

घरच्यांसाठी थोडंच. 'विचार करू नकोस' याऐवजी 'जेवलास का, गोळी घेतलीस का' हे प्रश्न विचारा. राजीनामा, जमीन विकणं, नातं तोडणं हे निर्णय पुढे ढकला. खेप चालू असताना गोळ्यांचा साठा दुसऱ्या कुणाकडे ठेवा. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. मरणाचे विचार येत असतील तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. धोका आत्ता आहे असं वाटलं तर माणसाला एकटं न सोडता थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आजार वाढल्यास कोणते उपचार हवे-नकोत ते आधी लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. हेही बऱ्या दिवसांतलंच काम.

खेप ओसरल्यावर महिन्याभरात खुणांचा कागद पुन्हा काढायचा. यावेळी पहिली खूण कोणती आली, फोन करायला उशीर कशाने झाला, कुठलं औषध किती मिलिग्रॅमवर किती आठवड्यांनी लागू पडलं आणि कशाने काय त्रास झाला, हे तारखांसह लिहायचं. डॉक्टर बदलले की जुनी फाइल बहुधा सापडत नाही. तेव्हा नव्या डॉक्टरला हाच कागद दाखवता येतो.