संध्याकाळी लाल होणारा दिवा

मिरजेत गेली ९ वर्षं मी केबल आणि इंटरनेटच्या लाइनी सांभाळतो. तक्रार आली की जायचं, लाइन चालू करायची, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घ्यायचा आणि तक्रार बंद करायची. २४ तासांत ओटीपी पडला नाही तर आमचे पैसे कापतात. म्हणून पोरं दारातच म्हणतात, "काकू, ओटीपी द्या, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." जुलैतली ही तक्रार अशीच तीनदा बंद होऊन चौथ्यांदा आली होती. तिसऱ्यांदा ती मी स्वतः बंद केली होती, हे आधीच सांगतो.

घर जुनं, दोन पायऱ्या चढून आत. काकू गाणं शिकवतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी ७ वाजता न्यू जर्सीतली मराठी मुलं ऑनलाइन बसतात, तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. मी दुपारी पोचलो तर लाइन चालू. काकू चिडल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "अरे, तुम्ही सगळे दुपारी येता. माझ्या मोडेमचा दिवा संध्याकाळी लाल होतो, रात्रभर लाल असतो आणि सकाळी आपोआप हिरवा. हे मी प्रत्येकाला सांगितलंय. तुलाही सांगितलं होतं."

सांगितलं होतं. आणि मी म्हणालो होतो, "संध्याकाळी लोड असतो, काकू." लोड असला की वेग पडतो, दिवा लाल होत नाही. लाल दिवा म्हणजे फायबरमधून, त्या काचेच्या तंतूतून, उजेडच पोचत नाहीये. ९ वर्षं काम करणाऱ्याला हे कळायला हवं होतं. मी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी शनिवार होता. बाकीची कामं उरकून साडेसहाला परत गेलो. मोडेमची पिवळी वायर काढून उजेड मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली आणि खुर्ची ओढून बसलो. मायनसपुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. मायनस २१. मायनस २७ पर्यंत मोडेम व्यवस्थित चालतो, म्हणजे काहीच बिघाड नाही. काकूंनी चहा ठेवला, देवापाशी दिवा लावला, मग डास येतात म्हणून उठून खिडकी ओढून घेतली. जुनी सागवानी खिडकी, दोन्ही हातांनी जोर लावून बसवावी लागली.

मीटर मायनस ३४ वर गेला.

"काकू, खिडकी उघडा." मायनस २१. "लावा." मायनस ३४. उजेड एका झटक्यात विसाव्या हिश्श्यावर. मी तपासायचं लाल लेझरचं पेन वायरीला लावलं, तर खिडकीच्या कोपऱ्यात, चौकट आणि झडप यांच्या फटीत, पिवळ्या आवरणातून लाल ठिपका चमकत होता. वायर तिथे दुमडून उजेड बाहेर सांडत होता. दुपारच्या उन्हात तो ठिपका दिसलाही नसता.

जोडणी मार्चमधली. भिंत दीड फुटी, लांब ड्रिल आणायचा कंटाळा म्हणून कुणीतरी वायर खिडकीतून आत घेतली होती. उन्हाळ्यात झडप सैल बसायची, वायरीला जागा मिळायची. पावसात लाकूड फुगलं आणि फट मिटली. या काचेच्या तंतूत उजेड जातो तो गाभा ९ मायक्रॉनचा, केसापेक्षाही कितीतरी बारीक. त्याला वळण चालतं, घडी चालत नाही.

सात वाजत आले होते. वायर परत मोडेमला लावली, खिडकी उघडी ठेवली, काकूंनी डासांची अगरबत्ती पेटवली आणि वर्ग सुरू झाला. मी ड्रिल आणायला बाहेर पडलो, येऊन पायरीवर बसलो. आत भूप चालला होता. एक लहान मुलगी धैवतावर घसरत होती आणि काकू तिला पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता, तिथेच आणत होत्या. चार-पाच वेळा तरी. तीन आठवडे हा वर्ग अर्ध्यावर तुटत होता, आणि आमच्या यादीत तीन वेळा "निवारण झाले" असं लिहिलेलं होतं.

आठला भोक पाडायला घेतलं. बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवला, पाणी आत येऊ नये म्हणून. नवी वायर ओढली, भिंतीबाहेर तिला खाली झोळ सोडला, भोक लिंपलं. खिडकी घट्ट लावून मीटर बघितला, मायनस २०.

काकू मोबाइल घेऊन आल्या. "ओटीपी पाठवतोयस ना?"

"आज नको. तीन संध्याकाळी खिडकी लावून बघा. तोवर तक्रार उघडीच राहू दे."

पैसे कापले गेले. मंगळवारी रात्री आठला काकूंचा फोन आला. खिडकी लावलीय, दिवा हिरवा आहे, म्हणाल्या. मग मी ओटीपी पाठवला आणि त्यांनी चारही आकडे सावकाश वाचून दाखवले.