सावलीची सुतळी

सोमवार, 30 सप्टेंबर 2024

अखेर ऊन पडलं. काठीची सावली मोजायचा हा प्रयोग मागच्या सोमवारी करायचा होता, दिवस आणि रात्र सारखे असतात त्या सुमाराला. पण तो आठवडा पावसानंच खाल्ला. पत्र्यावर असा धो धो आवाज की पाढेसुद्धा ओरडून म्हणावे लागले. मावळातल्या शाळेत सप्टेंबरचं नियोजन पेन्सिलीनंच लिहावं, हे मला अकरा वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. पट 22, त्यातले 11 माझे.

तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली, त्यात वेळूची काठी रोवली. काठी वाळूच्या वर बरोबर 100 सेंटिमीटर. चौथीतला एक जण म्हणाला, "बाई, वाकडी हाय." मी म्हटलं, सरळ आहे. तो काही न बोलता पळत घरी गेला आणि वडिलांचा ओळंबा घेऊन आला. वडील गवंडी आहेत. ओळंबा धरला तर काठी खरंच ढळलेली. या पोराला वर्गात सगळे कारभारी म्हणतात. वर्गणी गोळा करण्यापासून खिचडीची ताटं मोजण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे असतं.

मी ऐटीत सांगून ठेवलं होतं: बाराच्या ठोक्याला सावली सगळ्यात आखूड, मग वाढायला लागते. बाराला मोजली, साडेएक्केचाळीस. फळ्यावर लिहिली. म्हटलं, चला, आता दहा मिनिटांनी बघू कशी वाढते ते. बारा दहाला भरली चाळीस आणि वर जरा. म्हणजे कमी झाली. मला वाटलं पट्टी नीट लावली नसेल. बारा वीसला आणखी कमी, चाळीसच्याही आत. साडेबाराला जवळपास तेवढीच. पाऊण वाजता मात्र पुन्हा साडेचाळीस.

अकरा जणांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी सांगितलेलं आणि काठीनं सांगितलेलं जुळत नव्हतं, आणि काठी ओळंब्यात होती.

"घड्याळ पुढं असंल," एक म्हणाली. मोबाइलवर बघितलं, घड्याळ बरोबर होतं. खिचडी गार होत होती, म्हणून विषय तिथेच सोडला. उद्या सांगते म्हटलं. शिक्षकाच्या तोंडचं हे वाक्य मुलं बरोबर ओळखतात.

सगळ्यात आखूड सावलीएवढी सुतळी कापून खिडकीशेजारी खिळ्याला टांगली. खाली चिठ्ठी: 40.

मंगळवार, 1 ऑक्टोबर

रात्री बसून शोधलं. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. आपण त्याच्या पश्चिमेला, जवळजवळ नऊ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर यायला पस्तीस मिनिटं उशीर. शिवाय या दिवसांत सूर्य घड्याळापेक्षा दहाएक मिनिटं पुढे असतो, पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि लांबट कक्षेमुळे. पस्तिसातून दहा गेले. बारा पंचवीसच्या आसपास आपली खरी दुपार.

हे सगळं मी डी.एड.ला शिकले असेन. पण इतकी वर्षं "बाराला सूर्य डोक्यावर" हेच सांगत आले, आणि एकाही पोरानं मोजून बघितलं नव्हतं.

पोरांना एवढंच सांगितलं: घड्याळ मिर्झापूरचं, सूर्य आपल्या मावळचा. लगेच पटलं. कारभारी म्हणाला, "म्हणजे आपण रोज लवकरच जेवतो." तेवढं मला नाही पटलं, पण वाद घातला नाही.

गुरुवार, 3 ऑक्टोबर

घटस्थापना. दुपारनंतर भोंडला. पाटावर हत्ती काढला, तांदळाचा. सूर्य हस्त नक्षत्रात असतो म्हणून हत्ती, म्हणून काही भागांत याला हादगा म्हणतात, हे सांगून झालं. ऐकलं कुणी नाही, कारण सगळ्यांचं लक्ष झाकलेल्या डब्याकडे.

मुलगे नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून उभे होते. "या की फेरात." "पोरींचं असतंय ते." मी म्हटलं, खिरापत फेर धरणाऱ्यांनाच. तीन मिनिटांत फेर दुप्पट झाला आणि इतका बेतालपणे फिरायला लागला की हत्तीची सोंड पायाखाली गेली.

मला मात्र खरी हौस खिरापत ओळखायची. दरवर्षी मुलं नावांचा भडिमार करतात: लाडू, चिवडा, पोहे, शिरा. यंदा अट घातली, नाव घ्यायचं नाही, प्रश्न विचारायचा, मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. पहिले प्रश्न अगदीच वाया: "लाडू हाय का?" मग कुणीतरी "गोड आहे का?" विचारलं. नाही. एका फटक्यात निम्मे पदार्थ बाद झाले, हे पोरांच्या तोंडावर दिसलं. "तळलेलं?" नाही. "डबा हलवून दाखवा." हा प्रश्न नव्हता, पण हलवला. आत खडखड नाही, थडथड.

तेव्हा कातकरी वाडीवरची ती मुलगी पुढे आली. तिसरीत आहे, जूनपासून माझ्याकडे, बोलते फार कमी. तिनं काहीच विचारलं नाही. डब्याच्या बुडाला हात लावला. गरम. मग वास घेतला. "जमिनीतलं आहे का?"

हो.

उकडलेल्या शेंगा होत्या. नव्या भुईमुगाच्या, सकाळीच उपटलेल्या. टरफलांनी वर्ग भरला आणि झाडायचं काम अर्थातच कारभाऱ्यानं दुसऱ्यांना वाटून दिलं.

संध्याकाळी बातमी आली, केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सरांनी लगेच गटावर टाकलं. उद्या "अभिजात म्हणजे काय" हा प्रश्न येणार, आणि वर्गात मोजायला ओळंबा नसेल.

सोमवार, 7 ऑक्टोबर

दुसरी सुतळी, 45. या वेळी कुणी बाराला आलंच नाही, सगळे सव्वाबाराला. काठीची सगळ्यात आखूड सावली हातपंपाकडे सरळ बोट दाखवते, म्हणजे हातपंप उत्तरेला. इतके दिवस मी नकाशाच्या पाठात दरवाजा उत्तर समजून चालले होते. असो.

शुक्रवार, 11 ऑक्टोबर

उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून पाटीपूजन आजच. पाटीवर एक या आकड्यांची सरस्वती काढायची. आता पाट्या उरल्यात कुठे, सरांनी कपाटातून आठ काढल्या, तीन फुटक्या. दोघींत एक अशा वाटल्या. चौथीतल्या एकीनं किती एक लागले ते मोजले आणि शेजारणीचे जास्त निघाले म्हणून पुसून पुन्हा काढली. सरस्वतीही चढाओढीत सापडली.

आपट्याच्या फांद्याच्या फांद्या आल्या. दरवर्षी सांगते, एकेक पान आणा. यंदा रागावले, मग त्याच पानांवर सममिती घेतली. पान मधल्या शिरेवर दुमडलं की दोन्ही पाळ्या एकमेकींवर बसतात. बसत नसेल तर कुठे चुकतं ते बघायचं: किडीनं खाल्लंय, की एक पाळी मुळातच मोठी? एका ढिगात कांचनाची पानं निघाली. कांचनाचं पान मोठं आणि खाच खोल. आपट्याचं लहान, रुंद, हाताला खरखरीत. "म्हणजे हे खोटं सोनं," असा निकाल लागला आणि ज्यानं आणलं त्याला दिवसभर सोनार म्हणून चिडवलं. त्याला सोनं विकत घ्यायला सांगणारे सगळ्यात पुढे, ज्यांनी काहीच आणलं नव्हतं ते.

मंगळवार, 15 ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन, डॉ. कलामांचा जन्मदिवस. झाडाखाली वाचन ठेवलं. हिरवळीवर परीट पक्षी शेपटी खालीवर करत हिंडत होता, निम्मा वर्ग पुस्तकाच्या वरून त्याच्याकडे बघत होता. वाडीवरच्या मुलीनं सांगितलं की हा पावसात नसतो, आत्ताच आलाय. बरोबर आहे. हिवाळा काढायला हिमालयाकडून येतो. तिला अजून जोडाक्षरं अडतात, 'परिश्रम'वर आज पुन्हा अडली. माझ्या नोंदवहीत अडण्यासाठी रकाना आहे, परिटासाठी नाही.

दुपारी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आम्हा शिक्षकांना निवडणुकीच्या कामाच्या प्रशिक्षणाचा आदेश येईलच. कालची सुतळी 51.

सोमवार, 21 ऑक्टोबर

आज वर्गात सात जण. हळवी, म्हणजे लवकर पिकणारी भातं कापणीला आली आहेत आणि इंद्रायणी भाताच्या खाचरांत पाखरं हाकायला बसावं लागतं. रागावायचं कुणावर? परवाच्या वळवासारख्या सरीनं एकाच्या घरचं उभं भात लोळवलं. तो आला तो विळ्यानं कापलेल्या बोटाला चिंधी बांधून, आणि म्हणाला, "अर्धा दिवसच बसतो."

आजच्या सावलीचा अंदाज आधी फळ्यावर लिहायला सांगितला. सुतळ्या शेजारी शेजारी लटकताहेत, 40, 45, 51. वाढ पाच, मग सहा. चौघांनी 57 लिहिलं, एकानं 56. कारभाऱ्यानं 60, कारण "दिवाळीला सगळं महाग होतंय." मोजली, साडेछप्पन्न. 57 वाले म्हणाले आम्ही जिंकलो, 56 वाला म्हणाला मी. अर्ध्या सेंटिमीटरवरून भांडण. मी अपूर्णांकाच्या पाठात तीन आठवडे घालवून जे साधलं नव्हतं, ते त्या भांडणात पाच मिनिटांत झालं.

"किती वाढणार अजून?" हे वाडीवरच्या मुलीनं विचारलं.

दक्षिणायन सुरू आहे, सूर्य दक्षिणेकडे सरकत जाणार, 21-22 डिसेंबरपर्यंत. हिशेब करून सांगितलं, तेव्हा 90 च्या आसपास भरेल. मग पुन्हा आखूड व्हायला लागेल. तिनं काठीकडे बघितलं. "काठीएवढी नाही व्हायची?" नाही, दहा कमी.

मग ती म्हणाली, तिच्यासाठी हे फार लांब वाक्य होतं, "डिसेंबरात आम्ही कर्जतकडं, भट्टीवर."

शनिवार, 26 ऑक्टोबर

सकाळची शाळा, मग दिवाळीची सुट्टी. संकलित चाचणी उरकली, पेपर तपासायचे आहेत, फराळाची ऑर्डर द्यायची राहिली आहे.

दिवाळी झाली की वाडीवरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मध्ये सहा महिने शाळा नसते, किंवा असते तर दुसरीच, दुसऱ्या बाई, दुसरी पानं. शिक्षण हमी कार्ड, म्हणजे गाव सोडून गेलेल्या मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते, भरून तिच्या आईकडे दिलं. आईनं ते दोनदा उलटं करून बघितलं, मग पिशवीत ठेवलं, रेशनकार्डाच्या शेजारी. भट्टीजवळची शाळा कुठली, ते तिला माहीत नव्हतं. मी गटशिक्षण कार्यालयात विचारेन म्हटलं आहे.

मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, तिथं पण दुपार इथल्याच वेळेला होते का. जवळजवळ, म्हटलं, फार फरक नाही. आणि सावली? तीही जवळजवळ तेवढीच. "मग नव्वद होतंय का ते बघते."

पट्टी देऊन उपयोग नाही, हरवेल किंवा मोडेल. म्हणून तिच्यासाठी सुतळीचा एक मीटरचा तुकडा घेतला आणि दर दहा सेंटिमीटरला गाठ मारली. काठी तिथं मिळेल. ओळंब्याचं कारभाऱ्यानं समजावलं, दोऱ्याला दगड बांधला तरी चालतो.

ती सुतळी घेऊन भिंतीकडे गेली आणि खिळ्यावरच्या सुतळ्यांना लावून बघायला लागली. चाळिसाच्या सुतळीला चौथी गाठ जुळेना. खाली एक सेंटिमीटर गेली होती. घाईत मारली होती मी.

तिनं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. गाठ दातानं सोडवली, चाळिसाच्या टोकाशी बोट धरलं आणि तिथं नवी मारली. मग ओढून बघितली, पुन्हा लावून बघितली, आणि सुतळी मनगटाला गुंडाळून वाडीच्या वाटेला लागली.