४० मीटर बँडच्या ट्रान्समीटरसाठी फिल्टर कॉइल गुंडाळताना

७ मेगाहर्ट्झच्या (४० मीटर बँडच्या) छोट्या सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स संकेत पाठवणाऱ्या, ट्रान्समीटरचा शेवटचा ट्रान्झिस्टर क्लास सी मध्ये चालतो, म्हणजे प्रत्येक लहरीच्या थोड्याच भागात वाहतो, त्यामुळे १४ आणि २१ मेगाहर्ट्झवरही भरपूर ऊर्जा बाहेर पडते. ती अँटेनापर्यंत पोचू नये म्हणून लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरचं अडवणारा) लागतो, आणि त्याच्या दोन कॉइल आपल्यालाच गुंडाळाव्या लागतात.

हाफ-वेव्ह नावाच्या प्रकारातल्या ५० ओहमच्या फिल्टरला ७.१ मेगाहर्ट्झवर प्रत्येक कॉइलचा इंडक्टन्स १.१२ मायक्रोहेन्री हवा. कपॅसिटर हिशेबाने ४५० आणि ९०० पिकोफॅरडचे येतात. बाजारातला ४७० चा एकेक दोन्ही टोकांना आणि दोन ४७० समांतर जोडून मध्ये, एवढ्यावर काम भागतं. ते सीझीरोजी (C0G, तापमानाने मूल्य न बदलणाऱ्या सिरॅमिक) जातीचेच घ्या.

कोअर, म्हणजे तार गुंडाळायचं कडं (टोरॉइड), टी ५०-२, म्हणजे लाल रंगाचा. वेढ्यांच्या वर्गाला ४.९ नॅनोहेन्रीने गुणलं की इंडक्टन्स मिळतो. १५ वेढ्यांना १.१० मायक्रोहेन्री. अर्धा मिलिमीटर जाडीची एनॅमल तार ३५ सेंटिमीटर कापा. मोजणीत फार जण चुकतात: तार कोअरच्या भोकातून एकदा गेली की तो एक वेढा झाला, बाहेरून पूर्ण फिरली नसली तरी. म्हणून गुंडाळून झाल्यावर भोकाच्या आतल्या तारा मोजा. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. सारख्या अंतराने पसरवा आणि दोन टोकांमध्ये साधारण ३० अंश जागा मोकळी सोडा.

रंग नसलेला करडा एफटी ५०-४३ हा फेराइट कोअर चुकून हाती आला, तर त्याच १५ वेढ्यांना शंभर मायक्रोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स होतो आणि आउटपुट जवळजवळ नाहीसं होतं. सुटे कोअर एका डब्यात मिसळून ठेवू नयेत, ते यासाठीच.

कोअर नसेल तर १० मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर तीच तार चिकटून १० वेढे घ्या, साधारण १.०६ मायक्रोहेन्री मिळेल. तार सुटल्यावर थोडी उलगडते, ते चालतं. पण अशा उघड्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र बाहेर पसरतं, म्हणून दोन्ही कॉइल एकमेकींशी काटकोनात बसवा. समांतर ठेवल्या तर १४ आणि २१ मेगाहर्ट्झची ऊर्जा (हार्मोनिक) फिल्टरला वळसा घालून पुढे जाते.

मोजायचं कसं? कॉइलला १०० पिकोफॅरड समांतर जोडा. १.१२ मायक्रोहेन्री असेल तर अनुनाद १५ मेगाहर्ट्झच्या जवळ येतो. टोरॉइडचं क्षेत्र आतच बंदिस्त असल्यामुळे डिप मीटर (अनुनादाची वारंवारता दाखवणारं उपकरण) नुसता जवळ नेऊन काही दिसत नाही. भोकातून एक वेढ्याचा लूप घालून तो मीटरच्या कॉइलवरून न्या. वारंवारता जास्त आली तर वेढे जवळ सरकवा, कमी आली तर पसरवा. एवढ्यानेही जमलं नाही तर मोजणी पुन्हा तपासा.

एनॅमल काढायचा कंटाळा करू नका. काही तारांचं एनॅमल तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननेच वितळतं, बाकीच्यांचं ब्लेडने चारही बाजूंनी खरवडावं लागतं. अर्धवट खरवडलेल्या टोकाला सोल्डर चिकटल्यासारखं दिसतं, पण आत जोड नसतो. मल्टिमीटरने एका सोल्डरपासून दुसऱ्या सोल्डरपर्यंत सलगता पाहा.

पहिली चाचणी अँटेनावर नको, ५० ओहमच्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी जोडलेल्या रेझिस्टरवर, करा: १०० ओहमचे दोन कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर. वायरवाउंड वापरू नका, तो स्वतःच एक कॉइल असतो. अँटेना जोडायला हौशी रेडिओचा परवाना लागतो.