अकरा ग्रॅमचा छडा लागला, आणि काट्याला नवं काम मिळालं

शनिवारी रात्री घरी जुळवलेल्या भरणयंत्रावर सोड्याच्या २०० मिलीच्या सलग चोवीस काचेच्या बाटल्या भरल्या. चोवीसही १९७ ते २०३ मिलीच्या आत, आणि एकीच्याही तोंडातून फेस बाहेर आला नाही. साधा सोडा, ४ अंश, १.७ बार, म्हणजे आपलं नेहमीचं ४ व्हॉल्यूम (पाण्याच्या चौपट आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला). दुकानातल्या २०० मिलीच्या बाटलीला वजनमापाचे नियम ९ मिलीपर्यंतची तूट चालवून घेतात. आपण घरच्या ओट्यावर तीनमध्ये आलो. शेवटच्या बाटलीला बिल्ला ठोकला तेव्हा पावणेबारा वाजले होते, आणि मला झोपायला जावंसंच वाटेना.

पण गेल्या वेळी मी मोठ्या खात्रीने जो रस्ता सांगितला होता, लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि सोलेनॉइडचा (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह), म्हणजे बाटली काट्यावर ठेवून भरायची आणि ठरलेलं वजन झालं की सोडा बंद, त्या रस्त्याने हे झालेलं नाही. त्या रस्त्यावर माझे तीन आठवडे गेले, आणि तुमच्यापैकी दोघंतिघं तीच जुळणी करताय, म्हणून ते आधी सांगते.

बाटली काट्यावर, तिच्या तोंडावर फिलरचं, म्हणजे भरायच्या तोटीचं, डोकं, डोक्याला गॅसची आणि सोड्याची नळी. टेअर करायचं (काटा शून्यावर आणायचा), पर्ज करायचं (गॅसने आतली हवा हाकलायची), दाब चढवायचा. आणि दाब चढवला की रिकाम्या बाटलीचं वजन ११ ग्रॅमने बदलायचं. सोडा एक थेंब आत गेलेला नाही! बरं, दरवेळी ११ असते तर वजा करून मोकळी झाले असते. कधी ९, कधी १३. दाब सोडला की परत शून्याच्या आसपास.

पहिला संशय गॅसवर. हिशेब केला: काठोकाठ २१५ मिलीची बाटली, १.७ बारला आतला कार्बन डायऑक्साइड साधारण एक ग्रॅम, आणि बाहेर गेलेली हवा पाव ग्रॅम. फरक पाऊण ग्रॅमचा. बाकीचे दहा कुठून आले? मग एचएक्स७११ वर, म्हणजे लोडसेल वाचणाऱ्या चिपवर, संशय. ५०० ग्रॅमचं माप दोन तास काट्यावर ठेवलं, आकडा अर्ध्या ग्रॅमच्या आत राहिला. (बाजारात याची बरीच कच्ची मोड्यूलं फिरताहेत, पण माझं चांगलं निघालं.) मग गार काचेवर धरणारं दव. पावसाळ्यात तेही ग्रॅमभर सहज भरतं. बाटली कोरडी, खोलीच्या तापमानाची घेतली. तरी ११.

शेवटी कंटाळून बाटली काढून टाकली, डोक्याच्या तोंडाला बूच मारलं आणि ते नळ्यांवर नुसतं लोंबकळत ठेवलं. रेग्युलेटर उघडला. वाकवून आणलेली निळी पीयूची (पॉलियुरेथेनची) नळी डोळ्यांदेखत सरळ व्हायला लागली आणि डोकं पेरभर वर उचललं गेलं. दाब सोडला, हळूच खाली आलं. मी पाच-सहा वेळा नुसती चालू-बंद करत बघत बसले. समोर रेग्युलेटरवर दाबमापक होता. त्याच्या पोटातसुद्धा अशीच वाकडी नळी असते, दाबाने सरळ होऊ पाहणारी. युजीन बुर्दोंने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली हीच ती युक्ती. नळी काट्याला वर ओढत होती आणि मी ते वजन समजत होते.

त्यावर उपाय आहे. दोन्ही नळ्या आडव्या, सरळ, समोरासमोरून आणायच्या आणि बारीक घ्यायच्या. ११ चे ३ झाले. पण भरताना ब्लीडमुळे, म्हणजे गॅस थोडा थोडा बाहेर सोडल्यामुळे, बाटलीतला दाब खालीवर होतो, तेवढे तीन नाचतच राहतात. शिवाय सोलेनॉइड खाडकन बंद होतो, तो धक्का सोड्याला लागतो आणि फेस उसळतो. तो मी काढून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

मग वाटलं, दाबाखाली वजन करायचंच कशाला? काचेच्या बाटल्यांच्या बऱ्याच मोठ्या भरणयंत्रांत वजन नसतंच, पातळी असते. बाटलीतून परतणारा गॅस हवेत न सोडता केगच्या, म्हणजे सोड्याच्या दाबबंद टाकीच्या, डोक्यात परत न्यायचा. केग वर, बाटली खाली. दोन्हीकडे दाब सारखा, त्यामुळे सोडा फक्त स्वतःच्या वजनाने उतरतो. परतीच्या नळीचं तोंड सोड्यात बुडालं की वर उरलेल्या गॅसला वाट राहत नाही, आणि भरणं आपोआप थांबतं. ना सेन्सर, ना कोड.

माझा पाच लिटरचा केग आता बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत, कपाटावर आहे. बाटलीपासून साठ सेंटिमीटर उंच. सोड्याची नळी तळापर्यंत, परतीची नळी गळ्यापाशी. सुरुवातीला किंचित ब्लीड देऊन सायफन धरावा लागतो, मग बाटलीला पाऊण मिनिट. सोडा तळातून शांतपणे चढतो, गळ्याशी येतो आणि थांबतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, दहा सेकंद थांबून स्निफ्ट (बाटलीत उरलेला दाब सोडणं) अगदी हळू. परतीच्या नळीत चारेक मिली सोडा चढून बसतो. तो पुढच्या बाटलीत पडू द्यायचा, तिथेही शेवटी पातळीच ठरवते. फिटिंग मात्र स्टेनलेसच घ्या. भोसरीत पितळेची निम्म्या किमतीत मिळतात, पण पुढे कोकम सरबत भरायचं असेल तर त्याच्या आंबटपणाला पितळ लावू नका. चष्मा आणि समोर ॲक्रिलिकचा पडदा हे तर आहेच.

आता राहिलेले ते तीन मिली. ते यंत्राचे नाहीत, काचेचे आहेत. बाटल्या भंगारवाल्याकडून निवडून आणलेल्या, एकाच साच्याच्या, बाहेरून हुबेहूब. पण रिकाम्या तोलल्या तर काही दहा-बारा ग्रॅमने जड. काचेची घनता अडीच, म्हणजे दहा ग्रॅम जास्त काच म्हणजे आत चार मिली जागा कमी. भरलेल्या बाटल्यांचे आकडे शेजारी मांडले, तर जड त्या कमी भरलेल्या, हलक्या त्या जास्त. म्हणून आता काटा रिकाम्या बाटल्या तोलतो आणि मी त्यांचे तीन गट करते.

गटागटाला वेगळी परतीची नळी कापणार होते. पण हे लिहिता लिहिता सुचलं: नळीवर सरकणारी बाही बसवली आणि ओ-रिंगने घट्ट धरली, तर एकाच नळीची उंची बदलता येईल. गळ्यापाशी बाटलीचा आतला व्यास दोन सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर सरकवलं की ०.३ मिली. चार मिलीसाठी तेरा मिलिमीटर. जागा आहे. कापायला काढलेली नळी बाजूला ठेवली. रविवारी बाही करून बघते.

कोकमही तेव्हाच. साखर घातलेल्या सरबताचे २०० मिली २०८ ग्रॅमच्या आसपास जातात, काट्यावर भरताना दर घाण्याला तो हिशेब नव्याने करावा लागायचा. पातळीला साखरेचं काही देणंघेणं नाही. आगळ मात्र दोनदा मलमलीतून गाळायचं ठरवलंय. गराचा एक कण राहिला तरी तिथून बुडबुड्यांची माळ सुटते. कुडाळहून आलेल्या आगळातल्या दोन बाटल्या या कामाला बाजूला काढल्यात.