टॉर्क पान्याचं कॅलिब्रेशन: माझा अनुभव

नाशिकला द्वारकेजवळ माझं गॅरेज आहे. एका कंपनीच्या स्टाफच्या गाड्यांचं काम मिळत होतं, पण त्यांच्या ऑडिटवाल्या साहेबांची अट होती: टॉर्क पान्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट हवं. टॉर्क पाना म्हणजे ठरवलेल्या जोराने नट आवळायचा पाना, आणि कॅलिब्रेशन म्हणजे त्याचा आकडा खरा आहे का याची तपासणी. पक्कड, रिंग पाने आमच्याकडे टपारियाचे, म्हणजे सातपूरला कारखाना असलेल्या कंपनीचे. त्यांना कोण कागद विचारतो? टॉर्क पान्याचं तसं नसतं. त्यात स्प्रिंग असते आणि ती कालांतराने बसते.

ज्या दुकानातून पाना घेतला तिथे विचारलं, तर ‘नवीनच घ्या’ म्हणाले. धंदा आहे त्यांचा, चालायचंच. मग अंबड एमआयडीसीत एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब सापडली.

पाना ४० ते २०० न्यूटन मीटरचा (आवळण्याचा जोर या एककात मोजतात). त्यावर सिरियल नंबर नव्हता, म्हणून लॅबवाल्यांनी आधी ओळख नंबर कोरला. नाहीतर कागद नेमका कोणत्या पान्याचा, हे कसं कळणार? मग पाना मशीनवर चढवला. आयएसओ ६७८९ या टॉर्क पान्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर, प्रत्येक ठिकाणी पाच रीडिंग. आमच्यासारख्या क्लिक पान्याला, म्हणजे लावलेला जोर आला की ‘टक’ वाजणाऱ्या पान्याला, सूट ४ टक्क्यांची, म्हणजे २०० वर १९२ ते २०८. वरच्या टोकाला आमचा पाना बरोबर निघाला, पण ४० वर लावला की ‘टक’ वाजायचं ४३ च्या पुढे! ड्रेन प्लगचे, म्हणजे इंजिन ऑइल काढायच्या बोल्टचे, आटे अशानेच जातात. त्यांनी ॲडजस्ट करून पुन्हा तपासला. सर्टिफिकेटवर आधीची आणि नंतरची, दोन्ही रीडिंग छापून आली.

एक गोष्ट मात्र पाना देतानाच लेखी सांगा. लॅब आपणहून पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख टाकत नाही, गिऱ्हाइकाने मागितली तरच टाकते. ऑडिटवाल्यांना नेमकी तीच हवी असते. मी बारा महिन्यांची मागून घेतली. पाच हजार वेळा वापर त्याआधी झाला, तर मात्र तेव्हाच न्यावा लागतो.

पोरांनाही दोन गोष्टी बजावल्यात. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, आणि जाम नट सोडवायला त्याला हात लावायचा नाही, त्यासाठी लांब दांडा आहे.

ऑडिटवाल्या साहेबांनी रीडिंग वाचलीच नाहीत. पान्यावरच्या लॅबच्या स्टिकरवर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख बघितली आणि सही केली.